बागुलबुवा आणि त्याचा उतारा

मनुष्याने आपल्या सोयीसाठी जे चाकर निर्माण केले, त्यांत बागुलबुवाइतका स्वस्त चाकर दुसरा नसेल. त्यास पगार नको, अन्न नको, राहावयास जागाही नको. माळ्यावरचा अंधार, जिन्याखालची सांदी किंवा परसातील चिंचेचे झाड एवढे त्यास पुरते. मूल जेवीत नाही, बोलवा बागुलबुवास. मूल निजत नाही, बोलवा बागुलबुवास. हाक मारताच तो हजर होतो, आणि काम झाले की निघून गेला असे आपण समजतो. मुलाच्या लेखी मात्र तो गेलेला नसतो. रात्री दिवा मालवला, घर निजले, म्हणजे तोच बागुलबुवा बोलाविल्यावाचून येतो, आणि त्या वेळी त्यास परत पाठविणे हे ज्याने बोलाविले त्याच्याही हाती राहत नाही.

असल्या क्षुल्लक विषयास इतिहास तो कसला, असे कोणी विचारील. परंतु राजांच्या वंशावळी आणि लढायांच्या तारखा यांपलीकडे जो घरांचा इतिहास आहे, त्यात या भीतीचे स्थान मोठे आहे. ती मुलांच्या मनात कोणी घातली, तिचा निषेध कोणी केला आणि ती काढावी कशी हे कोणास उमगले, या तीन प्रश्नांची उत्तरे निरनिराळ्या काळांत व देशांत विखुरलेली आहेत. ती एकत्र पाहिली असता एक चमत्कारिक गोष्ट दिसून येते. मुलास भेवडावू नये हे शहाण्यांनी फार प्राचीन काळी सांगून ठेविले. भ्यालेल्या मुलास सावरावे कसे हेही अनेकांनी वेळोवेळी शोधून काढिले. आणि प्रत्येक वेळी ते विसरले गेले. ते का विसरले गेले, हाच आमच्या मते या विषयातील खरा प्रश्न होय.

प्रथम बागुलबुवाची वंशावळ पाहू. प्राचीन ग्रीक लोकांत मोर्मो व लामिया नावाच्या राक्षसिणी मुलांसाठी राखून ठेविलेल्या होत्या. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकातील थिऑक्रिटस कवीच्या एका काव्यात अलेक्झांड्रिया शहरातील एक गृहिणी उत्सव पाहावयास निघते. मूल बरोबर येण्यासाठी रडू लागते, तेव्हा ती त्यास मोर्मोचे व चावऱ्या घोड्याचे नाव सांगून दाईच्या स्वाधीन करिते आणि मैत्रिणीबरोबर चालू लागते. बावीसशे वर्षांपूर्वीचा हा प्रसंग आपल्या कोणत्याही आळीत जसाच्या तसा घडू शकेल. पुढे ऑगस्टसच्या काळातील भूगोलकार स्ट्रॅबो याने या युक्तीमागचे मर्म उघड करून सांगितले. मुलांस गोड कथांनी वळवावे व भयंकर कथांनी आवरावे, असे सांगून तो तेथेच थांबत नाही. सामान्य जनसमूहही केवळ विवेकाने वळत नाही. म्हणून देवांची वज्रे आणि त्रिशूळ हे राज्यकर्त्यांनी प्रजेसाठी उभे केलेले बागुलबुवाच होत, असा त्याचा अभिप्राय आहे. याचा अर्थ असा की, पाळण्यातील भय आणि राज्यातील भय ही एकाच कारखान्यात तयार होतात. भय दाखविणारास समजावून सांगण्याचे श्रम वाचतात, हे दोन्हीकडील इंगित आहे.

पुष्कळदा बागुलबुवा कल्पित राक्षस नसून हाडामांसाचा मनुष्य असतो. फ्रान्सच्या नवव्या लुईचा चरित्रकार ज्वाँव्हील लिहितो की, धर्मयुद्धांनंतर सारासेन स्त्रिया रडणाऱ्या मुलांस इंग्लंडच्या रिचर्ड राजाचे नाव सांगून गप्प करीत. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्याच इंग्लंडातील आया नेपोलियन बोनापार्टच्या नावाने आपल्या मुलांस निजवू लागल्या. ज्याच्या नावाने एका देशात पोवाडे गाइले जातात, त्याच्याच नावाने दुसऱ्या देशात पाळण्यातील मूल दचकते.

या बाबतीत आम्हां मराठी लोकांस दूर जाण्याचे कारण नाही. बंगालमध्ये अद्यापिही माहीत असलेली एक अंगाई आहे, आणि तीतील बागुलबुवा आम्हीच आहो. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा इ. स. १७४२ पासून बंगालवर चालून जाऊ लागल्या. त्यांचा सरदार भास्करराम कोल्हटकर यास १७४४ साली नबाब अलिवर्दीखानाने भेटीस बोलावून दगा करून मारिले, तरी स्वाऱ्या थांबल्या नाहीत. कलकत्त्यास इंग्रजांनी मराठ्यांच्या धास्तीने खंदक खणावयास घेतला, त्यास मराठा खंदक हेच नाव पडले. अखेर १७५१ मध्ये तह होऊन नबाबाने दरसाल १२ लक्ष रुपये चौथाई देण्याचे कबूल केले. आमच्या इतिहासाच्या पुस्तकांत हे प्रकरण चौथाईच्या हिशेबाने संपते. बंगालच्या स्मरणात ते निराळ्या रीतीने राहिले आहे. ज्या स्वारास सरकारातून घोडा व हत्यार मिळे त्यास आपण बारगीर म्हणत असू. बंगाली लोकांच्या तोंडी त्याचा ‘बर्गी’ झाला. गंगाराम कवीने त्याच सुमारास रचिलेल्या ‘महाराष्ट्र पुराण’ नामक बंगाली काव्यात या बर्गींनी गावोगाव केलेल्या जाळपोळीचे व छळाचे वर्णन आहे. अंगाईतील आई मुलास निजवू पाहते, बर्गी आल्याचे त्यास सांगते, आणि धान्य तर पाखरांनी खाल्ले, आता सारा भरावा कशाने, या विवंचनेत असते. तीत मुलास धाक घालणारी आई आणि स्वतः भ्यालेली आई एकच आहे. मोठ्यांची न फिटलेली भीती मुलाच्या उशाशी कशी येऊन बसते, याचे याहून करुण उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

आता निषेधाकडे वळू. मुलास भेवडावू नये, हा विचार पाश्चात्त्य शिक्षणाबरोबर आपल्याकडे आला अशी पुष्कळांची समजूत आहे. ती खरी नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात बालकाच्या संगोपनाचे नियम दिले आहेत, त्यांत याविषयी स्पष्ट आज्ञा आहे. मूल रडत असो, जेवीत नसो, किंवा सांगितलेले ऐकत नसो, तरी त्यास भिवविण्यासाठी राक्षस, पिशाच, पूतना इत्यादिकांची नावे घेऊ नयेत, असे चरक सांगतो. जेवण आणि हट्ट हे आपल्याकडील बागुलबुवास पाचारण करण्याचे जे नेमके प्रसंग, तेच त्या ग्रंथकाराने मोजून काढिले आहेत. यावरून त्या काळच्या घरांतही तो चाकर कामावर होता हे उघड आहे. सुश्रुतानेही बालकास दटावू नये आणि ते दचकेल म्हणून झोपेतून एकाएकी जागे करू नये, असे सांगितले आहे. वाग्भटाने या नियमाचे कारण दिले आहे: भ्यालेल्या मुलासच ग्रह धरितात.

हे कारण विचार करण्याजोगे आहे. आपल्या वैद्यकात स्कंद, शकुनी, रेवती, पूतना आदी नऊ बालग्रह मानिले होते, आणि बालकांच्या कित्येक व्याधी त्यांच्या माथी मारिल्या जात. म्हणजे हे ग्रंथकार ग्रहांचे अस्तित्व नाकारणारे नव्हते. तरीही, किंबहुना म्हणूनच, मुलासमोर त्यांचे नाव काढू नये असे त्यांनी ठरविले. ज्यांचा राक्षसांवर विश्वास होता त्यांनी ती नावे वर्ज्य केली. आणि ज्यांचा काडीमात्र विश्वास नाही असे आपण सुशिक्षित लोक, मुलाने दूध प्यावे म्हणून, ती नावे खुशाल घेतो!

ग्रीसमध्येही असाच निषेध झाला होता. प्लेटोने ‘रिपब्लिक’ ग्रंथाच्या दुसऱ्या भागात बजाविले आहे की, देव नाना वेष घेऊन रात्री हिंडत असतात असल्या गोष्टी सांगून आयांनी मुलांस भित्री करू नये. त्याच्या ‘लॉज’ या उत्तरवयातील ग्रंथात याहून सूक्ष्म निरीक्षण आहे. तान्हे मूल निजत नसले म्हणजे आया त्यास निश्चल ठेवीत नाहीत, हातांवर झुलवितात आणि काही गुणगुणतात; मुलाच्या आतील भयाची हालचाल बाहेरील या संथ हालचालीने शमते, अशी प्लेटोने त्याची उपपत्ती दिली आहे. पाळणा व अंगाई यांची इतकी गंभीर चर्चा करणारा तत्त्ववेत्ता विरळाच. येथे निषेधाच्या पुढे एक पाऊल पडले. केवळ भिववू नका असे सांगून तो थांबला नाही. भय उतरते कसे, हे त्याने आयांच्या हातांकडे पाहून ताडिले.

अर्वाचीन युरोपात हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आणिला तो जॉन लॉक याने. इ. स. १६९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या शिक्षणविषयक ग्रंथात त्याने घरातील नोकरांस जबाबदार धरिले. मुलांस ताब्यात ठेविण्यासाठी ते भुताखेतांची आणि रक्तबंबाळ राक्षसांची नावे सांगतात. त्या प्रतिमा कोवळ्या मनावर अशा कोरल्या जातात की, पुढे शहाणपण आले तरी त्या पुसत नाहीत, असे त्याचे म्हणणे होते. अंधार आणि भूत यांचा स्वभावतः काही संबंध नाही. दाईने ती दोन एकत्र बांधिली म्हणून ती मनुष्याच्या मनात जन्मभर एकत्र राहतात, हे त्याने आपल्या तत्त्वज्ञानविषयक मोठ्या ग्रंथातही लिहिले आहे. लॉक अविवाहित होता आणि त्याचे वाचक श्रीमंत घरांतील असल्याने नोकरांस दोष देणे सोपे होते. आपल्याकडे हा दोष दाईवर ढकलता येत नाही. येथे बागुलबुवास हाक मारणारी आई, आत्या, काका नाहीतर थोरला भाऊ असतो.

स्पेनचा चित्रकार गोया याने ही गोष्ट १७९९ साली एका चित्रात दाखविली. त्याच्या ‘काप्रिचोस’ या चित्रमालिकेतील तिसऱ्या चित्रात पांढरे वस्त्र डोक्यावरून ओढलेली एक आकृती उभी आहे. दोन मुले भयाने किंचाळत आईस बिलगली आहेत. आई मात्र भ्यालेली दिसत नाही; तिची नजर त्या आकृतीवर खिळली आहे. वस्त्राखाली कोण आहे हे तीस ठाऊक असावे, असे चित्र पाहताना वाटते. ज्या आईस बिलगावयाचे, तीच या खेळात सामील आहे, याची त्या मुलांस कल्पना नाही. बागुलबुवामुळे होणारी मुख्य हानी आमच्या मते हीच होय. भीती आज ना उद्या जाईल. परंतु ज्यांनी रक्षण करावयाचे त्यांनीच ती निर्माण केली, हे मुलास कधीतरी कळणार असते.

परंतु भीतीचा सगळा भार मोठ्यांच्या शिरावर ठेविला तर तेही सत्य होणार नाही. हा आक्षेप चार्ल्स लॅम या इंग्रज निबंधकाराने १८२१ साली लंडनच्या एका मासिकात मांडला. बायबलच्या एका जुन्या सचित्र ग्रंथात चेटकीण प्रेताला उठवीत असल्याचे चित्र होते, ते पाहून वयाच्या चौथ्या वर्षापासून सातव्या-आठव्या वर्षापर्यंत आपली एकही रात्र भयावाचून गेली नाही, असे त्याने लिहिले आहे. तरीही तो त्या चित्रास दोष देत नाही. भुताचे नावही कानी न पडेल अशा काळजीने वाढविलेल्या एका मुलाचे उदाहरण तो देतो. त्यासही रात्री भीती वाटेच. चित्राने भीतीस केवळ रूप दिले, भीती आधीचीच होती, हा त्याचा निष्कर्ष. आणि कोवळ्या मुलांस अंधारात एकटे निजविणारे आईबाप आपण काय करीत आहो हे जाणत नाहीत, अशी त्याची तक्रार आहे.

चार्ल्स डार्विननेही १८७७ साली आपल्या थोरल्या मुलाच्या बाल्यावरील टिपणे प्रसिद्ध केली, त्यांत असाच एक प्रसंग आहे. सव्वादोन वर्षांचा तो मुलगा प्राणिसंग्रहालयात हरणे व पक्षी पाहून आनंदला, परंतु पिंजऱ्यातील मोठी जनावरे पाहून घाबरला, आणि पुढेही त्या घरांतील पशू नकोत असे म्हणू लागला. त्यास कोणी भिवविले नव्हते. आज मानसशास्त्रज्ञांस ठाऊक आहे की, साधारण तिसऱ्या ते सहाव्या वर्षांत मुलाची कल्पनाशक्ती झपाट्याने वाढते आणि त्याच सुमारास राक्षस, अंधार व एकटेपणा यांचे भय बळावते. म्हणजे बहुतेक मुलांच्या बाबतीत हे भय वाढीबरोबरच येते. बागुलबुवाचे नाव न घेणे हे पथ्य झाले. पथ्याने औषधाचे काम भागत नाही.

औषधाकडे वळण्यापूर्वी एक भेद सांगणे अवश्य आहे. रात्री ओरडणारे प्रत्येक मूल एकाच कारणाने ओरडत नाही. १९५३ साली शिकागो येथे ॲझेरिन्स्की व क्लाइटमन यांनी झोपेत डोळ्यांची जलद हालचाल होण्याची अवस्था शोधून काढिली. स्वप्ने मुख्यत्वे याच अवस्थेत पडतात असे पुढे दिसून आले. १९६८ साली ब्राउटन यांनी दाखविले की, ज्या रात्रभयात मूल किंचाळत उठून बसते ते स्वप्नातून येत नसून गाढ झोपेतून अर्धवट जागे होताना उद्भवते. असे मूल रात्रीच्या पहिल्या प्रहरांत ओरडते, त्याचे डोळे उघडे असतात, परंतु ते आईस ओळखीत नाही, आणि सकाळी त्यास काही आठवत नाही. त्यास गदागदा हलवून जागे करू नये. पडणार-धडपडणार नाही एवढे पाहून जवळ बसावे. दुःस्वप्न बहुधा पहाटेकडे पडते. त्यातून मूल पुरते जागे होते, स्वप्न सांगू शकते, आणि त्यास धीर हवा असतो. तिसरा प्रकार निजण्यापूर्वीच्या भयाचा. पलंगाखाली कोणी आहे, दाराआड कोणी आहे, या भयाने मूल झोपेकडे जावयासच तयार नसते. आमचा मुख्य विषय हा तिसरा प्रकार होय.

यावर बहुतेक बाप पहिला उपाय करितात तो युक्तिवादाचा. राक्षस नसतात, हे बघ, पलंगाखाली कोणी नाही, झोप आता. हा उपाय इतका रास्त दिसतो की, तो लागू पडला नाही म्हणजे बापास राग येतो. १९९१ साली पॉल हॅरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये केलेल्या एका प्रयोगाने याचा उलगडा झाला. चार व सहा वर्षांच्या मुलांस एक रिकामी पेटी दाखवून तीत राक्षस किंवा ससा आहे अशी नुसती कल्पना करावयास सांगितले. पेटीत खरोखर काही नाही, हे मुलांनी बरोबर सांगितले. परंतु खोलीत एकटी राहण्याची वेळ आली तेव्हा काही धाकट्या मुलांनी, ज्यांच्या पेटीत राक्षस कल्पिला होता, प्रयोग करणारास बाहेर जाऊ दिले नाही. राक्षस खोटा आहे हे मुलास ठाऊक असूनही भय वाटते. यात हसण्यासारखे काही नाही. भुतांवर मुळीच विश्वास नसलेले आपल्यातील किती गृहस्थ अमावास्येच्या रात्री स्मशानावरून जाताना पाऊल झपाझप उचलतात, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी विचारून पाहावे.

मग भय उतरते कशाने? याचे सर्वांत जुने व सुंदर उत्तर होमरच्या ‘इलियड’ काव्याच्या सहाव्या सर्गात आहे. हेक्टर रणावर जाण्यापूर्वी आपल्या तान्ह्या मुलास घेऊ लागतो, तेव्हा त्याच्या शिरस्त्राणावरील हलणारा केसांचा तुरा पाहून मूल किंचाळते व दाईच्या कुशीत शिरते. आईबाप हसतात, परंतु हेक्टर शिरस्त्राण काढून जमिनीवर ठेवितो आणि मगच मुलास घेतो. रुसोने १७६२ सालच्या ‘एमील’ ग्रंथात या प्रसंगाची आठवण देऊन पुढची पायरी सांगितली आहे: वेळ असता तर त्या तुऱ्याशी खेळावे, मुलाकडून तो हाताळवावा, दाईने हसत शिरस्त्राण आपल्या डोक्यावर घालावे. अंधाराचे भय घालविण्यासाठीही अनेक मुलांनी मिळून रात्री हसतखेळत अंधारात खेळावे, असे त्याने सुचविले. स्वतःची मुले अनाथालयात धाडणाऱ्या या ग्रंथकाराचे हे शहाणपण कागदावरच राहिले, हा दैवदुर्विलास होय. लॉकनेही हेच सांगितले होते. बेडकास भिणाऱ्या मुलापासून बेडूक प्रथम दूर ठेवावा. ते निर्भयपणे पाहू लागले म्हणजे जवळ आणावा. मग दुसऱ्याने हातात धरून त्यास बोट लावू द्यावे. घाई करू नये.

ही रीत खरोखर उपयोगी आहे काय, याची शास्त्रीय परीक्षा होण्यास दोनशेहून अधिक वर्षे गेली. प्रथम भय घालण्याचा प्रयोग झाला. १९२० साली वॉटसन व रेनर यांनी बाल्टिमोर येथे अकरा महिन्यांच्या एका बालकापुढे पांढरा उंदीर ठेवून त्याच वेळी मागे लोखंडी दांड्यावर हातोडा मारिला. काही वेळा असे होताच मूल नुसत्या उंदरास पाहून रडू लागले. ते भय काढून टाकण्यापूर्वीच त्या मुलास तेथून नेण्यात आले. असा प्रयोग आज कोणतीही विद्यापीठे करू देणार नाहीत. चार वर्षांनी, १९२४ मध्ये, मेरी कव्हर जोन्स या विदुषीने न्यूयॉर्क येथील संस्थेतील मुलांवर उलट दिशेने काम केले. समजावून सांगणे, थट्टा करणे, भयाचा विषय दृष्टीआड करून विसर पडण्याची वाट पाहणे, असे प्रचलित उपाय त्यांनी करून पाहिले. त्यांपैकी दोनच निश्चित गुणकारी ठरले: मुलाच्या आवडीच्या गोष्टीबरोबर, म्हणजे खाऊ खाताना, भयाचा विषय हळूहळू जवळ आणणे, आणि न भिणाऱ्या मुलांची संगत.

या कामातील पीटर नावाच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध आहे. वय सुमारे पावणेतीन वर्षे. ससा, उंदीर, लोकर, कापूस सर्वांस भिणारा. तो खुर्चीवर बसून खात असता पिंजऱ्यातील ससा दुरून जवळ, दिवसेंदिवस थोडा थोडा, आणला गेला. मध्यंतरी पीटर आजारी पडून इस्पितळात गेला, आणि परत येताना एक मोठा कुत्रा अंगावर धावला. बरोबरची परिचारिकाही घाबरली. मिळविलेले बरेचसे धैर्य त्या क्षणी गेले. पुन्हा आरंभ झाला, आणि शेवटी पीटर सशास कुरवाळू लागला व त्यास आपली बोटे चाटू-कुरतडू देऊ लागला. याच लेखात एक ओझरता उल्लेख आहे, तो आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. पीटरची आई त्यास घरात बोलावण्यासाठी, बाहेर कोणी तुला चोरून नेईल, असे सांगत असे. म्हणजे शास्त्रज्ञ एका दाराने भय बाहेर काढीत होते, आणि बागुलबुवा दुसऱ्या दाराने आत येत होता.

पुढे १९३५ साली आर्थर जर्सिल्ड व फ्रान्सिस होम्स यांनी आईबापांच्या अनुभवांचा संग्रह केला, त्यातही हेच दिसले. भीती झिडकारणे किंवा मुलास बळेच अंधारात लोटणे यांनी गुण येत नाही. ज्याचे भय वाटते त्यास तोंड देण्याचे काही कौशल्य मुलाच्या हाती देणे हा उपाय फळास येतो. अलीकडे इस्रायलमधील अवी सादेह व त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा एक गोड पुरावा दिला. २००६ सालच्या लेबनॉन युद्धाने भेदरलेल्या मुलांस त्यांनी कापडी कुत्र्याचे पिल्लू देऊन सांगितले की, हे पिल्लू दुःखी आहे, त्याची काळजी तू घे. मुलांची भीती कमी झाली. २०१२ मध्ये रात्री भिणाऱ्या चार ते सहा वर्षांच्या मुलांसंबंधी प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पिल्लास तुझा राखणदार मान असे सांगितले काय, किंवा तू त्याचा राखणदार हो असे सांगितले काय, दोन्हींचा उपयोग झाला. आपल्या घरांत दिवेलागणीस आजीजवळ बसून रामरक्षा किंवा मारुतिस्तोत्र म्हणण्याची जी चाल होती, तिने याच जातीचे काम केले असावे. धार्मिक श्रद्धेचा भाग ज्याने त्याने आपल्यापुरता ठरवावा. परंतु अंधारात जाताना मुलाजवळ स्वतःचे असे काहीतरी असे, आणि ते त्यास कोणा प्रेमळ माणसाने शिकविलेले असे.

आपल्याकडे ही दृष्टी शिक्षणात आणण्याचे श्रेय भावनगरच्या गिजुभाई बधेका यांस आणि १९२३ मध्ये त्यांच्या कामास जाऊन मिळालेल्या ताराबाई मोडक यांस द्यावे लागेल. भय व शिक्षा यांवाचून मूल शिकते हे त्यांनी बालमंदिरात करून दाखविले आणि पुढे ताराबाईंनी ते बोर्डी व कोसबाड येथे वाड्यापाड्यांपर्यंत नेले. त्यांचा उपदेश मुलांपेक्षा पालकांस अधिक होता, आणि म्हणूनच तो पचावयास जड गेला.

येथे आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर येते. चरकाची आज्ञा, प्लेटोचा पाळणा, लॉकचा बेडूक ही विसरली गेली, कारण त्यांत मोठ्यांचा वेळ जातो आणि बागुलबुवाने तो वाचतो. दमून आलेल्या आईस रात्री साडेनऊ वाजता मुलाने निजावे एवढेच हवे असते. तिला दोष देण्याचा आम्हांस अधिकार नाही. शिवाय काळ बदलला आहे. पूर्वी माजघरात चार भावंडांच्या ओळीत, आजीच्या पदराखाली मूल निजे. त्या आजीच्या गोष्टींत हडळ, मुंजा आणि ब्रह्मसमंध हेही येत. परंतु गोष्ट संपल्यावर आजी उठून जात नसे. आता मुलास वेगळी खोली मिळाली आहे, गोष्ट पडद्यावरून येते, आणि ती संपली की पडदा काळा होतो व खोलीत कोणी नसते. लॅमची तक्रार आपल्या घरांत आता आली आहे.

तेव्हा ज्या घरात असे भ्यालेले मूल आहे, तेथे काय करावे? त्याचे भय दिवसा, उजेडात, ऐकून घ्यावे. राक्षसाचे चित्र काढू द्यावे, त्यास हास्यास्पद टोपीही घालू द्यावी. संध्याकाळी दिवा मालवून लपाछपी खेळावी. उशाशी एखादा मंद दिवा ठेवावा आणि त्याची कळ मुलाच्या हाताशी असावी. पहिल्या रात्री खाटेजवळ बसावे, चार दिवसांनी दारात, आणखी काही दिवसांनी बाहेरच्या खोलीत, परंतु आवाज ऐकू येईल असे. हातात काठी घेऊन रोज गंभीरपणे पलंगाखाली राक्षस शोधू नये. त्यामुळे बाबांसही शंका आहे असे मुलास वाटते. मध्येच ते दोन पावले मागे गेले तर पीटरचा कुत्रा आठवावा आणि पुन्हा आरंभ करावा. भय फारच वाढले, महिनेच्या महिने झोप मोडली, दिवसाही मूल कोमेजलेले राहिले, तर वैद्याचा सल्ला घेण्यात संकोच नसावा. आणि उद्या दुपारी ते जेवावयास हट्ट करील, तेव्हा त्या जुन्या चाकराचे नाव ओठांवर आले तरी ते गिळावे व पानाजवळ आणखी घटकाभर बसावे.